ओसरीवरून : वाचनालयाला चेहरा कुठला द्यायचा?

*घर, इमारत, गळती, डागडुजी यांबद्दल वाचकांचे प्रश्न आणि नागपूरच्या एका निवृत्त वास्तुरचनाकार ताईंची उत्तरं*

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमचं वाचनालय पूर्व नागपुरात आहे. आजवर कवेलूच्या छपराखाली चाललं. आता कोपऱ्यावरचा बारा हजार चौरस फुटांचा प्लॉट मिळाला आहे, निम्म्याहून अधिक पैसाही जमला आहे. घोडं अडलंय ते इमारतीच्या शैलीवर. आमचे अध्यक्ष वकील आहेत, त्यांना हायकोर्टासारखा घुमट हवा. उपाध्यक्षांना जुन्या महाल भागातल्या वाड्यासारखी कोरीव सज्ज्यांची इमारत हवी, ‘भोसलेकालीन वाटली पाहिजे’ म्हणतात. तरुण सभासदांना काच आणि एसीपी (ॲल्युमिनियमचे चकचकीत पत्रे) पाहिजे, कारण लायब्ररी म्हणजे म्हाताऱ्यांची जागा वाटू नये. आणि सर्वांत मोठे देणगीदार म्हणतात, इमारत उघड्या पुस्तकाच्या आकाराची असेल तरच चेक. सभांवर सभा झाल्या, चहाचं बिल तेवढं वाढलं. खाली सभागृह आणि वर पुस्तकं, एवढ्यावर मात्र एकमत आहे. जागा कमी पडली तर तळघर काढू. रस्ता पश्चिमेला आहे, प्लॉटवर समोरच एक मोठा कडुनिंब आहे. तर शैली कोणती घ्यावी, तेवढं सांगा.
— एका वाचनालयाचे कार्यवाह, पूर्व नागपूर

उत्तर : कार्यवाह भाऊ, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी जाता जाता लिहिली. रस्ता पश्चिमेला आहे. म्हणजे इमारतीचं तोंड पश्चिमेला. तुमचे चौघेही पश्चिमेच्या भिंतीवर काय चिकटवायचं, यावर भांडताहेत आणि त्या भिंतीवर दुपारी दोनपासून सहापर्यंत काय येऊन आदळतं, हे एकाही सभेच्या इतिवृत्तात नसेल. २३ मे २०१३ला आपल्या गावात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. तो आकडा टोकाचा म्हणून सोडून देऊ. साधा पंचेचाळीसचा मे घ्या. त्या दिवशी पश्चिमेची उघडी भिंत संध्याकाळी सातलाही हाताला चटका देते.

आधी काचेचं बोलते, कारण ते लवकर संपतं. विदर्भातल्याच एका जिल्ह्याच्या गावी, नाव लिहीत नाही, वाचनालयाची नवी इमारत पाहायला मला बोलावलं होतं. पश्चिमेला दोन मजले उंच सलग काच. आत गेले तर काचेला आतून, माणसाचा हात पोचेल तिथपर्यंत, वर्तमानपत्रं चिकटवलेली. बहुतेक अंक पिवळे पडलेले, काही गळून खालच्या रॅकमागे गेलेले. वाचक काचेकडे पाठ करून बसलेले, कारण तोंड केलं तर डोळे दिपतात. एसी लावले होते, पण बिल परवडेना म्हणून ते फक्त समितीची सभा असली की चालायचे. तिथला शिपाई मला म्हणाला, “मॅडम, हात पुरते तिथवर मी पुसतो. वरचं कोन लटकून पुसन?” त्या इमारतीचं याहून नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही. तरुणांना आधुनिक हवं आहे ही त्यांची मागणी रास्त आहे. पण आधुनिक म्हणजे काच, हे त्यांना बँकेच्या आणि मोबाइलच्या दुकानांनी शिकवलं. उत्तरेला काच द्या, हवी तेवढी द्या. पश्चिमेला नको.

आता उघडं पुस्तक. देणगीदारांना नाराज करायचं नाही, हे मला कळतं. त्यांना पॅरिसची गोष्ट सांगा. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची नवी इमारत १९९६मध्ये वाचकांसाठी उघडली. चार कोपऱ्यांत चार काचेचे मनोरे, प्रत्येक मनोरा उघडून उभ्या ठेवलेल्या पुस्तकासारखा. कल्पना चित्रात फार सुरेख दिसते. पण पुस्तकं ठेवायची त्याच मनोऱ्यांत! कागद आणि ऊन यांचं वैर सर्वांना ठाऊक, टीका झाली, आणि शेवटी काचेच्या आत लाकडी झडपा बसवून ऊन अडवावं लागलं. म्हणजे आधी काच, मग काच झाकायला लाकूड. फ्रान्सच्या सरकारला ते परवडलं. आणि पॅरिसचं ऊन आपल्या ऊन्हापुढे काय! शिवाय आकाराचा हट्ट आला की खोल्या त्या आकारात कोंबाव्या लागतात. दोन तिरप्या भिंतींच्या मधल्या कोपऱ्यात रॅक बसत नाही, टेबल बसत नाही, मग तिथे तुटक्या खुर्च्या जमतात. उद्या कोणी संत्र्याच्या आकाराची लायब्ररी मागेल, नागपूर आहे म्हणून. (हसू नका. शहराच्या सुशोभीकरणात संत्रं मधे आलं नाही असं क्वचितच होतं.)

वकीलसाहेबांचा घुमट मी एका वाक्यात उडवणार नाही. आपलं हायकोर्ट खरोखर देखणं आहे. नवी दिल्ली उभी राहत असताना तिथे काम केलेल्या हेन्री मेड यांनी ते आखलं, १९४०मध्ये ते सुरू झालं. पण त्याचं देखणेपण घुमटापुरतं नाही. वालुकाश्माच्या जाड भिंती आहेत, उघड्या जागा आणि भिंत यांचं प्रमाण आहे, भोवती मोकळं आवार आहे. तेवढं आवार असलं की घुमट दुरून दिसतो. तुमच्या कोपऱ्यावर, दोन्ही बाजूंना तीन-तीन मजली घरं असताना, रस्त्यावरच्या माणसाला तो दिसणारच नाही. दिसेल तो फक्त समोरच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्यांना. शिवाय घुमटाखाली आवाज घुमतो. न्यायालयात तो चालून जाईल, वाचनकक्षात एकाने खुर्ची सरकवली तर सगळ्यांच्या माना वर होतील. आणि काँक्रीटचा पोकळ घुमट करून त्यावर टाइल लावायच्या, असं कुणी सुचवलं तर त्याला चहा द्या आणि निरोप द्या.

जुना आकार नव्याने करूच नये, असं मात्र मी म्हणत नाही. दीक्षाभूमीचा स्तूप बघा. २००१मध्ये तो पूर्ण होऊन खुला झाला. आकार सांचीच्या परंपरेतला, पण सांचीचा स्तूप आतून भरीव आहे आणि आपला पोकळ, कारण इथे माणसांना आत यायचं आहे. तो आकार तिथे का आहे, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, आणि वापर बदलला तसा आतला भाग बदलायचं धाडसही करणाऱ्यांनी केलं. तुमच्या घुमटाला असं एखादं कारण सापडतंय का, ते अध्यक्षांनाच विचारा.

राहिला वाडा. इथे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते. माझं माहेर महालातलं. उपाध्यक्षांच्या मनात काय आहे ते मला डोळे मिटून दिसतं. काळ्या दगडाचं जोतं, सागवानी खांब, खांबांमधल्या महिरपी, वर कोरीव सज्जा. पण त्यांना विचारा की यातलं बजेटमध्ये काय बसतं. त्या मापाचं सागवान आज बल्लारशाच्या लिलावात घ्यायला जाल तर अर्धी देणगी लाकडातच संपेल. मग ठेकेदार म्हणेल, फायबरच्या महिरपी लावू, वरून चॉकलेटी रंग मारू, कुणाला कळतही नाही. कळतं. दोन उन्हाळ्यांत रंग उडतो, तिसऱ्या पावसाळ्यात सांधे उघडतात आणि त्यात कबुतरं बसतात. लग्नाच्या लॉनच्या प्रवेशद्वाराला हे चालतं, ते एका रात्रीपुरतं असतं.

पण वाड्यातून घेण्यासारखं जे आहे, ते कोरीव कामात नव्हतंच. वाडा खणांच्या हिशेबाने बांधला जायचा. खांब, खण, खांब. कुटुंब वाढलं की पुढे आणखी खण, दुसरा चौक. वाचनालयाला हेच लागतं. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयाचे जे पाच नियम मांडले, त्यातला पाचवा हाच की ग्रंथालय वाढत राहतं. आज तुमची पुस्तकं किती आहेत ते तुम्ही लिहिलं नाही, पण वीस वर्षांनी ती दुप्पट होतील हे धरून चाला. घुमट वाढवता येत नाही. उघडं पुस्तकही वाढवता येत नाही, पानं जोडणार कुठे? खणांची इमारत मागे वाढवता येते. रॅकच्या दोन ओळींमध्ये, मध्यापासून मध्यापर्यंत, साधारण साडेचार फूट लागतात. खांबांचं अंतर त्या पटीत धरा, म्हणजे रॅकच्या मधोमध खांब येऊन वाटेत उभा राहणार नाही. हे काम आराखड्याच्या पहिल्या दिवशी फुकटात होतं, नंतर कितीही पैसे टाकून होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे चौक. रस्ता गजबजलेला असेल तर वाचनकक्ष रस्त्याकडे कशाला? चौकाकडे करा. उजेड दोन्ही बाजूंनी येतो, हॉर्न अडतात.

आणि तिसरी गोष्ट ओसरी. आता गंमत बघा. वाड्याला ओसरी आहे. सिव्हिल लाइन्समधल्या साहेबांच्या जुन्या बंगल्यांना चहूबाजूंनी खोल व्हरांडे आहेत. मुंबईच्या काळा घोड्याजवळचं डेव्हिड ससून वाचनालय १८७०चं, पिवळ्या दगडाचं, कमानी थेट युरोपातून आणलेल्या. पण वाचक पेपर घेऊन पाय पसरून बसतात ते कमानींमागच्या सज्जात. तीन ठिकाणचे बांधणारे वेगळे, शैल्या वेगळ्या. उन्हाने तिघांकडूनही एकच गोष्ट करून घेतली. बाहेरची भिंत आणि आतला माणूस यांच्यामध्ये आठ-दहा फूट सावली ठेवायला लावली. तुमची समिती चेहऱ्यावर भांडतेय; मला विचाराल तर नागपुरात भांडायचं ते या सावलीच्या खोलीवर. ती आधी पक्की करा, मग तिला कमान द्या, सरळ तुळई द्या, विटेची जाळी द्या. तुमच्या चौघांपैकी काचवाले सोडून बाकी तिघांचंही थोडंफार समाधान त्यात होऊ शकेल. काचवाल्यांसाठी उत्तर बाजू राखून ठेवलीच आहे.

शैलीचं भांडण तुमच्याच समितीत पहिल्यांदा होतंय असंही नाही. अमेरिकेत पोलाद कारखानदार अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून गावोगावी वाचनालयं बांधली जात होती. जगभरात मिळून अडीच हजारांवर झाली. गावकरी पैसा हातात आला की खांब, जिने, घुमट यांवर उधळायचे आणि आत पुस्तकांना जागा उरायची नाही. तेव्हा कार्नेगींचे सचिव जेम्स बर्ट्रम यांनी १९११मध्ये एक छोटी पुस्तिकाच काढली. त्यात आतल्या मांडणीचे नमुने दिले. बाहेरच्या दर्शनी भागाचं चित्र दिलं नाही, तो ज्या-त्या गावाचा प्रश्न. मला हा माणूस आवडतो. तुमच्या वास्तुरचनाकारालाही पहिल्या सभेत दर्शनी भागाचं रंगीत चित्र आणू देऊ नका. ते चित्र टेबलावर आलं की सगळे चित्रातल्या झाडांबद्दल आणि उभ्या केलेल्या मोटारींबद्दल बोलतात. त्याच्याकडून इमारतीचा उभा छेद (इमारत उभी कापली तर आत काय दिसेल ते चित्र) मागवा आणि त्यावर १५ मेच्या दुपारी चारचं ऊन कुठवर येतं, ती रेघ मारायला सांगा.

आता दिशांचं. पश्चिमेला जिना, लिफ्ट, स्वच्छतागृहं, भांडार. म्हणजे ज्या खोल्यांत कुणी तास-तास बसत नाही त्या. त्यांच्याबाहेर, दोनेक फूट सोडून, विटेची जाळी. हीच जाळी तुमच्या वाचनालयाचा रस्त्यावरून दिसणारा चेहरा. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतल्या राखेच्या विटा आपल्याकडे सहज मिळतात, जाळीतल्या काही ओळी लाल भाजक्या विटेच्या करा, जोतं काळ्या दगडाचं. कामठीकडचा वालुकाश्म मिळाला तर दाराच्या चौकटीपुरता वापरा. सगळ्या इमारतीला दगडाच्या पातळ लाद्या चिकटवू नका. त्या उन्हाने सुटतात, आणि सुटल्या की खाली माणूस असतो.

दक्षिणेचं ऊन गणिताने अडतं. २१ मार्चला भर दुपारी नागपुरात सूर्य क्षितिजापासून ६९ अंशांवर असतो. चार फूट उंच खिडकीवर दीड फुटाचा छज्जा असला की ती सावलीत. तिथून सप्टेंबरपर्यंत काळजी नाही. डिसेंबरात सूर्य ४५ अंशांपर्यंत उतरतो आणि छज्ज्याखालून आत येतो. थंडीत वाचकांच्या पाठीवर आला तर येऊ द्या, पुस्तकांच्या रॅकवर नको. उत्तर बाजू उत्तम, पण ‘उत्तरेला ऊन येतच नाही’ हे पुस्तकांतून उचललेलं वाक्य इथे पूर्ण खरं नाही. नागपूर कर्कवृत्ताच्या खाली आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सकाळी-संध्याकाळी उत्तरेकडून तिरपा आत घुसतो. म्हणून उत्तरेच्या काचेला उभ्या पट्ट्या हव्यात.

छतातून उजेड घ्यायचा मोह कुणाला तरी होईल, विशेषतः परदेशी मासिकं चाळणाऱ्याला. वास्तुरचनाकार आल्वार आल्टो यांनी फिनलंडमधल्या वीपुरी गावी (ते गाव आता रशियात आहे) १९३५मध्ये बांधलेल्या वाचनालयाच्या छताला ५७ गोल झरोके आहेत. सुंदर उजेड, थेट किरण एकही नाही, पानावर हाताची सावली पडत नाही. कारण तिथे भर उन्हाळ्यातही सूर्य ५३ अंशांच्या वर चढत नाही. झरोका खोल केला की किरण त्याच्या कडेलाच अडतात. तोच झरोका आपल्या पूर्व नागपुरातल्या नंदनवनात किंवा वाठोड्यात बसवा. मेअखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि बाराच्या सुमारास ५७ वाचकांच्या टकलांवर ५७ गोल.

तुमचं एकमत ज्यावर झालंय, ते मात्र मला मोडायचं आहे. खाली सभागृह, वर पुस्तकं, हे उलटं करा. पुस्तकं जड असतात हे सगळ्यांना माहीत आहे, किती ते माहीत नसतं. आपल्या मानकांप्रमाणे घराच्या मजल्याला चौरस मीटरला २०० किलो भार धरतात. पुस्तकांच्या कोठीला, रॅक २.२ मीटर उंच असतील तर, ६०० किलो. रॅक त्याहून उंच केले की आणखी वाढवा. एवढं वजन वर चढवायचं आणि खाली सभागृहाला मधे खांब नकोत, म्हणजे तुळया कमरेएवढ्या होतील. त्यात पूर्व नागपुरात बऱ्याच भागात काळी माती, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. पाया कुठला लागेल ते माती तपासल्याशिवाय कुणालाही ठरवू देऊ नका. पुस्तकं तळमजल्यावर, सभागृह वर, हलक्या छपराखाली.

तळघराचा विषय काढूच नका. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घरांत शिरली, ते विसरायला फार दिवस झालेले नाहीत. पाणी उतरल्यावर सोफा वाळवता येतो. भिजलेली पुस्तकं चिकटून एक वीट होते. जोतं रस्त्यापासून अडीच-तीन फूट वर घ्या, पुस्तकांचा सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर. पायाच्या वेळीच वाळवीचं औषध, हे सांगायला नको.

कडुनिंब ठेवा. तो पश्चिमेला आहे, म्हणजे तुमची निम्मी जाळी त्यानेच बांधून ठेवली आहे. तोडायचा म्हटलं तर १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि ती मागायला जाल तेव्हा लोक विचारतीलच की वाचनालयाला झाड का नको? पाया मात्र त्याच्यापासून सोडून घ्या. काळ्या मातीतलं पाणी मुळं ओढतात आणि माती बसते. त्याच्याखाली पार बांधा. सकाळी सहाला पेपर वाचायला येणारी मंडळी इमारत उघडायची वाट बघत नाहीत.

देणगीदारांचं काय, म्हणाल. त्यांचं नाव ओसरीला द्या. इमारतीत सगळ्यांत जास्त वेळ माणसं तिथे असतील.

प्रश्न : ताई, मी एमपीएससीची तयारी करतो, मूळचा भंडाऱ्याकडचा, इथे खोली घेऊन राहतो. आमच्यासारख्यांना इमारत कशी दिसते याच्याशी देणंघेणं नाही. रात्री बसायला जागा, चार्जिंगला पॉइंट आणि चालू असलेलं बाथरूम, एवढं पाहिजे. नवी वाचनालयं बांधताना हे का बघत नाहीत?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : बाळा, बघत नाहीत कारण समितीतलं कुणी दिवसाचे बारा तास तिथे बसत नाही. वरच्या पत्रातल्या समितीलाही हे लागू आहे, म्हणून तुझं पत्र त्याच अंकात घेतलं.

अभ्यासिका आणि वाचनालय एका छपराखाली असावीत, पण दारं दोन. वाचनालय रात्री आठला बंद झालं की त्याला कुलूप, अभ्यासिका चालू. स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी कुलपाच्या अलीकडे आलं पाहिजे. कितीतरी ठिकाणी ते पलीकडे जातं आणि मग मुलींनी रात्री यायचंच नाही असा त्याचा अर्थ होतो, तो फलकावर कुणी लिहीत नाही इतकंच. रात्रीचं दार रस्त्यावरून दिसणारं, दिवा असलेलं हवं, मागच्या बोळातलं नको.

प्रत्येकाला टेबलाची किमान तीन फूट रुंदी, पानावर तीनशे लक्सच्या आसपास उजेड, आणि प्लगचा पॉइंट टेबलाच्या वर, पायात नाही. खुर्ची प्लॅस्टिकची नको. इमारत कशी दिसते याच्याशी देणंघेणं नाही म्हणतोस, ते मात्र मला पटत नाही. चार वर्षं तू ज्या खोलीत बसणार आहेस, तिच्या खिडकीतून झाड दिसतं की शेजाऱ्याची पाण्याची टाकी, याने फरक पडतो. आत्ता जाणवत नसेल. मुलाखतीला शुभेच्छा.

प्रश्न : माझं वय ७४. गुडघे गेलेत. आमच्या भागातलं वाचनालय पहिल्या मजल्यावर आहे, त्यामुळे मुलगी पुस्तकं आणून देते. पण मला स्वतः निवडायची असतात. पायऱ्या असलेल्या इमारतीला भारदस्तपणा येतो म्हणतात, म्हणून नव्या इमारतींनाही पायऱ्या करतात का?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : मावशी, तुमचा अंदाज बरोबर आहे. मुंबईचा टाउन हॉल, जिथे एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे, तो १८३३चा. समोर रुंद, उंच पायऱ्यांचा डोंगर आणि वर ग्रीक धाटणीचे खांब. फोटो सगळे त्या पायऱ्यांवर बसून काढतात. तेव्हापासून ज्ञान म्हटलं की ते पायऱ्या चढून गेल्यावरच मिळतं, असं बांधणाऱ्यांच्या डोक्यात बसलंय.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर सार्वजनिक इमारतीला हे चालत नाही. रॅम्पचा उतार एकास बारा. म्हणजे तीन फूट जोत्याला छत्तीस फूट लांब रॅम्प, मधे विसाव्याचा सपाट टप्पा वेगळा. मी वरच्या पत्रात पुरासाठी जोतं उंच घ्या म्हटलंय, त्याची किंमत ही आहे आणि ती मोजायलाच हवी. पण छत्तीस फूट म्हणजे शिक्षा नव्हे. तोच मुख्य रस्ता करा, कडेला बसायला कट्टा, बाजूला रोपं, म्हणजे पायऱ्या चढू शकणारेही तिथूनच जातील. जे होतं ते असं की रॅम्प मागच्या दाराला जनरेटरशेजारी काढतात, त्याला कठडा नसतो, आणि वर पोचल्यावर दाराला कुलूप असतं.

तुमच्या सध्याच्या वाचनालयासाठी एक सुचवते. लिफ्टचा पैसा येईपर्यंत, नवीन आलेली आणि परत आलेली पुस्तकं ठेवायला खाली एक कपाट आणि दोन खुर्च्या ठेवायला समितीला सांगा. पत्र लिहा, तोंडी नको. कार्यकारिणीपुढे पत्र ठेवावं लागतं.

प्रश्न : आमच्या छोट्या वाचनालयात उन्हाळ्यात दोन मोठे कूलर लावतो. नव्या ग्रंथपाल म्हणतात, कूलरमुळे पुस्तकं खराब होतात. कूलरशिवाय नागपुरात कोण येऊन बसेल? खरं काय?
— कार्यकारिणी सदस्य, इतवारी

उत्तर : दोघांचंही खरं आहे. एप्रिल-मेमध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की कागद कडक होऊन मोडतो, तेव्हा वाचनकक्षातला थोडा ओलावा सोसतो. बिघडतं ते कूलरचं तोंड थेट रॅककडे असलं की, आणि त्याहून जास्त जूनच्या मध्यानंतर, जेव्हा पाऊस येतो पण सवयीने कूलर चालूच राहतो. मग बुरशी, मग कसर.

कूलर वाचकांकडे, रॅककडे पाठ. समोरच्या बाजूला वरची खिडकी उघडी, नाहीतर हवा कोंडते आणि ओल भिंतीत मुरते. कूलरची टाकी खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर ठेवा. आतल्या कट्ट्यावर ठेवलेली टाकी कधी ना कधी गळतेच. पुस्तकांच्या कोठीत फक्त पंखा आणि एक्झॉस्ट. रॅक भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, मागून हवा खेळू द्या.

एक साधा आर्द्रतामापक घ्या, ग्रंथपालबाईंच्या टेबलाजवळ नाही तर रॅकच्या आतल्या ओळीत लावा आणि रोजचा आकडा वहीत लिहा. पन्नासच्या आसपास असेल तर उत्तम. पासष्टच्या वर दोन-तीन दिवस राहिला की कूलर बंद, पंखे चालू, आणि खालच्या कप्प्यातली पुस्तकं काढून बघायची. वही त्यांच्याकडेच राहू द्या, आणि कूलरचं बटणही.